आठ संथ गाणी आणि एक हलता दात

३ मार्च, मंगळवार

मुलीने ही वही रक्तदाब लिहून ठेवायला दिली आहे. आज सकाळी १४८/९२. नुसता आकडा पुरे, असं ती म्हणाली. पण कारण लिहिल्याशिवाय आकड्याला काय अर्थ? म्हणून कारण लिहितो.

मी पन्नास वर्षं सॅक्सोफोन वाजवतोय. हॉटेलांतल्या नाचघरांत, जहाजांवर, रेडिओवर, गाणाऱ्या बायकांच्या मागे आणि गाता न येणाऱ्या पुरुषांच्याही मागे. धंद्यातले लोक मला ‘सुसाट’ म्हणतात, कारण माझ्याइतक्या वेगात बोटं चालवणारा दुसरा माणूस इथे झाला नाही. हे लोक म्हणतात. मीही म्हणतो. आता त्र्याहत्तराव्या वर्षी एका कंपनीला माझ्या एकट्याच्या नावाची रेकॉर्ड काढायची बुद्धी झाली, आणि त्यांना हवंय काय? आठ संथ गाणी. जुनी, सगळ्यांना तोंडपाठ असलेली, विरहाची आणि वाट बघण्याची. मी कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं, “एखादं तरी पळतं गाणं?” तो म्हणाला, “सर, लोक दमून घरी येतात. त्यांना काहीतरी शांत हवं असतं.”

मग झोपा म्हणावं! माझी कशाला गरज?

हो म्हणालो, कारण दुसरं कोणी विचारलेलं नाही.

एक गोष्ट इथेच लिहून संपवतो. वरचा पुढचा डावा दात जरा हलतो. सॅक्सोफोनच्या माउथपीसवर वरचे पुढचे दात टेकवायचे, खालचा ओठ रीडला, म्हणजे वेताच्या पातळ पट्टीला, लावायचा, आणि या दोघांच्या पकडीत सूर तोलायचा, अशी ही सगळी व्यवस्था. म्हणजे तो दात माझ्यासाठी दात नाही, खांब आहे. मुलगी दातांची डॉक्टर. तिला दिसला तर ती काढणार, आणि काढला की रेकॉर्ड बोंबलली. स्टुडिओ सत्तावीस तारखेपर्यंतच मिळालाय, नंतर ते महिनाभर तिथली जमीन उखडून नवी बसवणार आहेत. तेवढे दिवस दाताने दम धरावा. घरात कोणाला पत्ता नाही, लागणारही नाही. मी हसत नाही. तसा आधीही फारसा हसत नव्हतो.

५ मार्च, गुरुवार

मेव्हण्याकडे तालीम. पियानोवर तो आहे. हिचा धाकटा भाऊ, सहासष्ट वर्षांचा, बोलतो इतकं हळू की समोरच्याने पुढे वाकावं लागतं. चाळीस वर्षं माझ्याबरोबर वाजवतोय आणि चाळीस वर्षांत त्याने मला एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. तो ‘बघू या’ म्हणतो. वैताग म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल, त्याने ‘बघू या’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढावीत.

आज पहिल्याच गाण्याला म्हणतो, “भाऊजी, हे जरा खालच्या पट्टीत घेऊ या का?”

“का? अर्धं आयुष्य ते वरच्या पट्टीत वाजवलंय आपण.”

“पियानो तिथे गोड लागतो.”

“रेकॉर्ड पियानोची आहे का?”

“नाही, तसं नाही. बघू या.”

आणि वाजवायला लागला तो खालच्या पट्टीतच. आठपैकी सहा गाणी त्याने अशी खाली ओढली. वरचे सूर लावायला मला काय धाड भरली आहे? (वरच्या सुरांना दात घट्ट रोवावा लागतो हे खरं. पण त्याला ते काय माहीत!) शिवाय सुरांचं एक वाक्य संपताना मी श्वास घेतला रे घेतला की हा तिथे आपले चार सूर पेरतो. श्वास घेणंसुद्धा चोरी झाली आहे.

१० मार्च, मंगळवार

पहिला दिवस. स्टुडिओ एका टायरच्या दुकानावर आहे. जिना चढताना रबराचा वास, वर गालिच्याचा वास. एका बाजूला मोठी काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. त्याची पाठ कायमची धरलेली आहे, म्हणून तो बसत नाही, पुतळ्यासारखा उभा असतो. मी त्याचं नाव ‘काचेपलीकडचा’ ठेवलंय.

काचेपलीकडचा म्हणतो, “अप्रतिम, सर. एकदा अजून घेऊ या?”

“अप्रतिम होतं तर अजून कशाला?”

“आपलं, खात्री म्हणून.”

मग पाच वेळा खात्री झाली. मधे मधे त्याच्या यंत्रात बिघाड होतो. दर वीस मिनिटांनी म्हणतो, “सर, दहा मिनिटं द्या, एक वायर बघतो,” आणि कुठलीही वायर न बघता खिडकीशी उभा राहून पाठ ताणतो. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

बेसवर, म्हणजे खर्जाच्या तारांवर, एक उंच बाई आहे, शाळेत गणित शिकवते, रजा टाकून आली आहे. वाजवते चांगलं, पण हाव फार. “काका, इथे मधे मी थोडं एकटीने वाजवू?” म्हणाली. मी म्हटलं वाजव. तर जुनं प्रेमपत्र सापडलेल्या बाईच्या त्या गाण्यात ही जी सुटली ती थांबेचना! मी तेवढा वेळ वाद्य गळ्यात लटकवून खांबासारखा उभा. पुढच्या गाण्यातही तेच. रेकॉर्डवर नाव माझं आणि वाजवणार सगळी दुनिया.

दोन गाणी झाली. दात आहे जागेवर.

१२ मार्च, गुरुवार

१५२/९४. कारण जेवण.

हिला झालंय काय? आठवडाभर घरात जे शिजतंय त्याचा नुसता लगदा. भाजी कुठली ते रंगावरून ओळखायचं. पावाच्या कडा कापलेल्या. सफरचंदाच्या फोडी इतक्या पातळ की त्यांतून वर्तमानपत्र वाचता यावं.

“मी काय तान्हं बाळ आहे?”

“गॅस मोठा राहिला.”

“रोज?”

“रोज,” असं म्हणून ही आत निघून गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात गॅस कधी मोठा राहिला नव्हता. वय झालं हिचं.

संध्याकाळी मुलगी आली. मी सर्दीचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरून बसलो. डॉक्टर असून तिने सर्दीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. हल्लीचे डॉक्टर असेच, आपल्या अवयवाबाहेर बघत नाहीत. जाताना बेसिनवर एक मलमाची ट्यूब ठेवून गेली. “आईच्या हिरड्या दुखतात ना, त्यांना लावायला. जरा बधिर होतं,” असं दोनदा मोठ्याने सांगून गेली, जणू मी बहिरा आहे.

ती गेल्यावर मी हिला विचारलं, “हिरड्या कशा आहेत तुझ्या?”

“कसल्या हिरड्या?” म्हणाली. मग एकदम, “हां हां, दुखतात. फार दुखतात.” विसरभोळेपणाही सुरू झालाय.

ट्यूब मी गुपचूप लावून बघितली. बरी आहे. हिला संशय येऊ नये म्हणून थोडीच घेतली. तरी दोन-तीन दिवसांतच संपायला आली तर काय सांगायचं, हा प्रश्न आहे.

१४ मार्च, शनिवार

आजचं धरून चार गाणी झाली. आज मेव्हण्याशी वाजलं. म्हणजे माझं वाजलं, तो ऐकत होता.

स्टेशनवर वाट बघणाऱ्या माणसाचं जे गाणं आहे, त्याच्या शेवटी मी एक मोठी झेप घेतो. खालच्या सुरापासून थेट वरपर्यंत एका दमात. लोक त्यासाठीच येत. आज झेपेच्या आधीच याने पियानोवर असा काही सूर धरला की गाणं तिथेच संपलं. मला चढायला जिनाच उरला नाही.

“माझी झेप कुठे गेली?” मी विचारलं.

“ते असंच संपलं, भाऊजी. छान संपलं.”

“संपलं नाही, तू संपवलंस!”

तो मान खाली घालून पियानोच्या पट्ट्या पुसत राहिला. काचेपलीकडचा म्हणाला, “मलाही छान वाटलं, सर.” बेसवाली म्हणाली, “मलाही.” सगळे एका माळेचे मणी.

१६ मार्च, सोमवार

आणखी दोन गाणी, एकूण सहा. पण सूर फाटतोय. मधला सूर धरला की कडेने हवा जाते, फस्स. रीडचा दोष. वेताच्या पट्ट्या पूर्वीसारख्या येत नाहीत. एक डबा फेकून दिला, दुसरा उघडला, तोही तसलाच. माइक जुना आहे. खोलीत गारवा फार.

मलम संपलं. सकाळी बघतो तर बेसिनवर नवी ट्यूब. हिच्या हिरड्यांनी मला वाचवलं.

१७ मार्च, मंगळवार

रीडच.

१९ मार्च, गुरुवार

पडला.

सातव्या गाण्याचा चौथा टेक चालू होता. दुसऱ्या ओळीवर तोंडात ‘टक्’ असं झालं आणि माउथपीस एकदम सैल पडला. मी थांबलो. दात बेसवालीच्या पायाशी गालिच्यावर पडला होता. तिने वाकून उचलला आणि तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला. एवढासा होता. मला वाटायचं मोठा असेल.

एक गोष्ट मात्र मला कळलेली नाही, म्हणून लिहून ठेवतो. कोणीही “काय झालं?” असं विचारलं नाही. मेव्हण्याने पियानोचं झाकण लावलं आणि खिशातून धुतलेला, घडी केलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला. काचेपलीकडचा आतून बर्फ घेऊन आला. रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत बर्फ कशाला ठेवतात? बेसवालीने दात एका लहानशा डबीत ठेवला. तिच्याकडे डबीसुद्धा होती.

“चला, गाडी खाली आहे,” मेव्हणा म्हणाला. त्याला कुठे न्यायचं ते विचारावंही लागलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

१७०/१००. डॉक्टरने मोजला, म्हणजे मुलीने.

काल तिने जखम साफ केली, टाका घातला. तेव्हा बोललो नाही, तोंडात कापूस होता. आज तपासायला गेल्यावर म्हटलं, “माफ कर. तुझ्यापासून लपवलं.”

ती हातमोजे काढत म्हणाली, “बाबा, तू काय लपवलंस? जानेवारीपासून तू उजव्या दाढेने खातोस. फोनवर तुझा ‘स’ वेगळा यायला लागला. आईने तर माझ्याआधी ओळखलं.”

“आईने?”

“मग ती लगदा कशासाठी करत होती?”

मी खुर्चीत आडवा, दिवा डोळ्यांवर. ती एकेक सांगत गेली. हिने मुलीला फोन केला. मुलीने मामाला सांगितलं की वरच्या सुरांनी आणि लांब वाजवण्याने दात लवकर जाईल. मामाने बाकीच्या दोघांना सांगितलं. पट्ट्या खाली का आल्या, बेसवालीची हाव कुठून आली, वायर दर वीस मिनिटांनी का बिघडायची, हिरड्या कोणाच्या दुखत होत्या, सगळं.

“तू हट्टाने काढू देणार नव्हतास. मग निदान रेकॉर्ड होईपर्यंत टिकावा, एवढंच बघत होतो आम्ही.”

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे मी या लोकांना फसवतोय म्हणून मनाला खात होतं आणि हे सगळे मिळून मला खेळवत होते! घरी येऊन हिला म्हटलं, “हिरड्या कशा आहेत?” ही म्हणाली, “आता बऱ्या आहेत,” आणि ताटात मऊ भात वाढला. मी जेवलो नाही. मग भूक लागली म्हणून जेवलो.

२१ मार्च, शनिवार

मेव्हणा घरी आला. म्हणाला, कंपनीचा माणूस सहा गाण्यांवर तयार आहे. तीच काढू या, आणि तुम्ही आराम करा.

मी म्हटलं, “त्या सहांत माझं वाजवणं किती आणि तुमची दया किती?”

तो मान खाली घालून छत्रीची मूठ चोळत बसला. नेहमीसारखा. मी आणखी बोललो. खूप बोललो. अपंगाला रस्ता ओलांडून द्यावा तसं तुम्ही मला गाण्यातून चालवलंत, माझी झेप चोरलीस, माझ्या श्वासाच्या जागा भरल्यास. मला भीक नको. पुढचा दात नसल्यामुळे अर्धे शब्द शिट्टीसारखे येत होते, त्यामुळे राग आणखी वाढला.

तेव्हा हा माणूस उठून उभा राहिला आणि ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. ही स्वयंपाकघरातून धावत आली.

“दया? चाळीस वर्षं मी तुमच्या वेगामागे धावतोय, भाऊजी! तुम्ही पुढे सुसाट आणि मी मागून धापा टाकत. कधी वळून बघितलंत, मी आहे का पडलो? या दोन आठवड्यांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या चालीने चाललात. दोन आठवडे मला वाटत होतं, आपण दोघं मिळून वाजवतोय. त्याला तुम्ही दया म्हणता?”

छत्री विसरून गेला. ही ती घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. माझ्याशी बोलली नाही.

२३ मार्च, सोमवार

दात नाही, तर ओठ. माझे गुरू असंच वाजवायचे. दात टेकवायचेच नाहीत, वरचा ओठ दातांवरून आत दुमडून घ्यायचा आणि दोन्ही ओठांच्या मधे माउथपीस धरायचा. आम्ही पोरं त्यांना मागून हसायचो, कारण असं धरलं की बोटं पळवता येत नाहीत. जोर काढला की ओठ कापतो. चावून सूर वर ढकलायची सोय नाही. फक्त फुंकायचं.

सकाळी तासभर प्रयत्न केला. बदकाची मान दाबल्यासारखा आवाज. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. दुपारी पुन्हा. संध्याकाळी खालचा एक सूर लागला. जाड, ओलसर, कडेला हवा असलेला. माझा नव्हेच तो. मी तो धरून बसलो. सोडवेना.

मुलीचा फोन. “टाका ओला आहे, वाजवायचं नाही.” मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, “मला कळतंय तुझ्या आवाजावरून, वाजवलंयस.” या घरात खोटं बोलायची काही सोयच राहिलेली नाही.

२४ मार्च, मंगळवार

एकटाच स्टुडिओत गेलो आणि काचेपलीकडे जाऊन सहाही गाणी ऐकली. काचेपलीकडच्याने मला स्वतःची खुर्ची दिली, तशी ती रिकामीच असते.

वाईट नाहीत. कंपनी खुशाल काढेल. पण त्यांत एक माणूस ओल्या फरशीवरून चालतोय. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी चाचपून बघतोय. तो मी. पियानो मात्र... मी कधी त्याचा पियानो असा ऐकलाच नव्हता. मी वाजवत असताना ऐकणार कधी? माझ्या श्वासाच्या जागी तो जे चार सूर ठेवायचा, ते भरण म्हणून ठेवलेले नव्हते. तो माझ्या वाक्याला उत्तर देत होता. आणि मी उत्तर पुरतं न ऐकता पुढचं वाक्य सुरू करत होतो. सहाच्या सहा गाण्यांत.

काचेपलीकडच्याला म्हटलं, “ही सगळी पुसून टाक.”

“सर?”

“आठही परत करायची. तीन दिवस आहेत.”

त्याने पहिल्यांदा मी बघत असताना दुसरी खुर्ची ओढली आणि तीत बसला. पाठ धरलेली असूनही. “तुम्हाला पुढचा दात नाही, सर,” म्हणाला. माहीत आहे म्हटलं.

तिथूनच मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, “नाही.”

चाळीस वर्षांतला पहिला. मी खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो.

“नाही, भाऊजी. तीन दिवसांत आठ गाणी, ओठ फाटेल. आणि मी परत मागून धावणार नाही.”

“पट्टी तू ठरव,” मी म्हटलं. “लयही तू ठरव. सुरुवात तू कर. मी मागून येतो.”

मला वाटलं फोन कापला गेला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, “बेसवालीला रजा मिळते का बघतो.”

२५ मार्च, बुधवार

तीन गाणी. सगळे माझ्यावर वैतागलेले. बेसवालीला रजेसाठी मुख्याध्यापिकेशी भांडावं लागलं, ती आल्यापासून तणतणत होती. मी म्हटलं, तुझे लांबलचक सोलो आता नकोत. तर म्हणाली, “काका, ते मी तुमच्यासाठीच वाजवत होते. माझी बोटं सुजली त्यात!” मुलगी दवाखाना बंद करून आली आहे आणि काचेपलीकडे हाताची घडी घालून उभी आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघून वाजवणं अवघड जातं. दर टेकनंतर आत येते, ओठ उलटा करून बघते, मलम लावते आणि म्हणते, “मूर्ख आहेस तू.” डॉक्टरने पेशंटशी असं बोलावं?

ओठातून रक्त आलं. थोडंच. वाद्य पुसलं.

स्टेशनच्या गाण्यात झेप घेतलीच नाही. आठवण झाली ती गाणं संपल्यावर.

२६ मार्च, गुरुवार

आणखी तीन. प्रेमपत्राच्या गाण्यात मेव्हण्याने लय इतकी हळू धरली की मला घाम फुटला. दोन सुरांच्या मधे एवढी मोकळी जागा की आत काय करायचं ते सुचेना. पन्नास वर्षं मी असली जागा दिसली की ती वीस सुरांनी बुजवत आलो. आज ओठ साथ देईना, म्हणून नुसता थांबलो. बघितलं तर मेव्हणा माझ्याकडे बघत थांबला होता. मग दोघंही निघालो, एकदमच.

काचेपलीकडच्याने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. मी विचारलं, “एकदा अजून? खात्री म्हणून?”

“नको,” म्हणाला.

घरी आल्यावर ही म्हणाली, “उद्या मी येऊ का?”

मी चकित झालो. ही कधी आलेली नाही. आमचं लग्न झालं तेव्हा ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानांत लोकांचे आवाज, म्हणून घरी आल्यावर हिला शांतता हवी असायची. मी वाजवायचो मागच्या खोलीत, दार लावून. नाचघरात हिला गर्दी आवडत नसे. मीही आग्रह केला नाही. खरं म्हणजे विचारलंच नाही.

“तिथे काय आहे बघण्यासारखं? रबराचा वास आहे,” मी म्हटलं.

“चालेल,” म्हणाली.

२७ मार्च, शुक्रवार

झालं. आठही झाली.

आज दोनच उरली होती, सातवं आणि आठवं. ही काचेपलीकडे मुलीशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. सातवं दोन टेकमध्ये. आठवं जे गाणं आहे, त्यात एक माणूस घरी उशिरा येतो, घर झोपलेलं असतं, आणि तो कोणाला न उठवता जे काय सांगायचं ते दारातच उभा राहून मनाशी बोलतो. एवढंच. नाचघरात मी ते नऊ मिनिटं वाजवायचो आणि त्यातली सात मिनिटं माझी कसरत असायची. आज चार मिनिटांत संपलं. ओठ बधिर झाला होता. शेवटचा सूर माझ्या मनाविरुद्ध थरथरला. मी म्हटलं, परत घेऊ. मेव्हणा म्हणाला, “नाही.” हल्ली त्याला या शब्दाची चटक लागली आहे.

मग त्याने पियानोवरून उठून मला मिठी मारली. दोघांच्या मधे सॅक्सोफोन, त्याच्या शर्टाचं बटण त्यात अडकलं, आणि बेसवालीने ते सोडवलं.

मी काचेकडे बघितलं. मुलगी रडत होती. ही रडत नव्हती. ही रागावली होती! हिचा रागावलेला चेहरा मला हजार चेहऱ्यांत ओळखता येतो. उठली, पर्स खांद्याला लावली आणि कोणाशी न बोलता जिना उतरायला लागली. मी तसाच मागोमाग.

टायरच्या दुकानासमोर गाठलं. “काय झालं?”

“हे आता दुकानात मिळणार?”

“म्हणजे काय, त्यासाठीच तर...”

“कोणीही विकत घेणार? आपला समोरचा औषधवालासुद्धा?”

“घेऊ दे की. बरंच आहे.”

“बरं आहे?” ही भर रस्त्यात थांबली. “चव्वेचाळीस वर्षं मी काय ऐकलं तुमच्या तोंडून? चहा झाला का. चष्मा कुठाय. आज उशीर होईल. मला वाटायचं, हा माणूसच असा, आत काही नाहीच ह्याच्या. आणि आता हे! हे होतं ना आत? मग ते मला सोडून औषधवाल्याला?”

दुकानातला माणूस टायर सोडून आमच्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “अगं, ते गाणं आहे. जुनं. सगळ्यांना पाठ आहे.”

“मलाही पाठ आहे,” ही म्हणाली. “शब्द मी विचारतच नाहीये.”

बसमध्ये ही खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, लोटलं.

आता चार वाजलेत. मुलीचा फोन येऊन गेला, मेव्हण्याचाही. दोघांनाही मी विचारलं, ही नेमकी कशावर चिडली? मुलगी म्हणाली, “बाबा, धन्य आहेस.” मेव्हणा नुसता हसत राहिला. कोणी नीट सांगायला तयार नाही. गाणं चांगलं झालं म्हणून कोणी चिडतं का?

मी दोनदा त्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा चहा विचारायला म्हणून, पण चहा हा शब्द तोंडातून काढायची हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो आणि दारात विसरलो. ओठ इतका सुजलाय की ‘म’ आणि ‘प’ काही केल्या फुटत नाहीत. चार दिवसांनी सूज उतरेल, तेव्हा नीट बोलता येईल.

चार दिवस थांबण्यात अर्थ नाही. जातो.